पाठीला पाणी कोण पाजतं? ऊसतोडीच्या कोयत्यांच्या चाचण्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटचं (पोलाद तापवून, गार करून त्याला हवा तो कठीणपणा द्यायचं) जॉबवर्क करणाऱ्या कारखान्यात मी तपासणी बघतो. आमच्याकडे येणारा माल ठरलेला असतो: ट्रॅक्टरचे गिअर, पिना, शाफ्ट, कधीमधी एखादी डाय. कोयता माझ्या टेबलावर एकाच वर्षी आला. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी आधीच सांगतो, हा ऊसतोडीचा कोयता, बातम्यांतला नव्हे.) माणसं, गाव आणि दुकान ओळखू येऊ नये एवढे बदल करून हे लिहितोय.

तालुक्याच्या गावी शेतीअवजारांचं एक जुनं दुकान आहे. मालकांना सगळे शेठ म्हणतात. दसऱ्याच्या आगेमागे बीड, नगरकडच्या टोळ्या उतरायला लागल्या की त्यांच्याकडे कोयत्यांची मागणी निघते. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे एक जोडपं. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि टोळी मोजतो तीही कोयत्यावर. म्हणजे हत्याराचं नाव माणसाला चिकटलेलं. हत्यार मात्र आपापलं, आणि मजुरी टनावर. कोयता बोथट झाला तर नुकसान तोडणाऱ्याचं.

शेठ वर्षानुवर्षं कोयते घ्यायचे ते तात्यांकडून. तात्या लोहार आहेत, तिसऱ्या पिढीचे. ट्रकच्या कमानीचा भंगारातला पाटा, दगडी कोळशाची भट्टी, ऐरण आणि दगडी डोणीतलं पाणी एवढ्यावर त्यांचं काम चालतं. त्यांचा भाचा मेकॅनिकल डिप्लोमा. त्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःची शेड टाकली. विजेची मफल भट्टी, तापमान दाखवणारा कंट्रोलर, क्वेंचिंगच्या (तापलेलं पोलाद झटक्यात गार करायच्या) तेलाची टाकी, आणि कच्चा माल म्हणून भंगार नव्हे तर ईएन ४५ या कमानीच्या पोलादाची नवी पट्टी. त्याच्या कोयत्याची किंमत तात्यांच्या दीडपट होती.

दीडपट किंमत गळी उतरवायला भाच्याने एक व्हिडिओ केला. त्यात तीन चाचण्या होत्या. कोयता खिळ्यावर धरून पाठीवर हातोडा मारला, खिळ्याचे दोन तुकडे, धार शाबूत. धारेवरून कानस ओढली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. शेवटी कोयता शिकंज्यात धरून पाइप घालून काटकोनात वाकवला, मोडला नाही. खाली ओळ: 'हीट ट्रीटमेंट म्हणजे काय, ते बघा.'

शेठना हंगामासाठी दोनशे कोयते घ्यायचे होते. व्हिडिओ बघून ते हलले होते, पण पूर्ण विश्वास बसत नव्हता. दोन्हीकडचे तीन-तीन कोयते गोणपाटात गुंडाळून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, कुणाची हीट ट्रीटमेंट बरोबर, एवढं कागदावर द्या."

अडचण: एक आकडा आणि त्याने केलेलं नुकसान

मी तेव्हा काय केलं ते सरळ सांगतो, कारण या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक इथेच आहे आणि ती माझी आहे.

मी सहाही कोयते रॉकवेल मशीनवर, म्हणजे पोलाद किती कठीण आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर लावले. रॉकवेल सी मोजमापात १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू आधी १० किलोने टेकवतात, मग एकूण १५० किलोचा भार देतात, आणि जादा भार काढल्यावर शंकू किती खोल राहिला त्यावरून आकडा येतो. त्याला एचआरसी म्हणतात; आकडा मोठा तेवढं पोलाद कठीण. एक अंक म्हणजे दोन मायक्रॉन. त्यासाठी सपाट आणि पुरेशी जाड जागा लागते. कोयत्याला अशी जागा पाठीकडेच मिळते. तिथे पातं तीन मिलिमीटर होतं. धारेकडे ते निमुळतं होत अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली जातं. तिथे रॉकवेल घेतला तर आकडा कोयत्याचा यायचा सोडून खालच्या टेबलाचाच यायचा.

म्हणून पाठीवर घेतला. भाच्याचे तिन्ही ५६-५७ एचआरसी. तात्यांचे २८, ३१, २९.

हे आकडे तसेच्या तसे, 'कुठे मोजलं' यावर एक ओळही न लिहिता, मी कारखान्याच्या लेटरहेडवर दिले. संध्याकाळी शेठनी तात्यांची ऑर्डर थांबवली.

चौथ्या दिवशी तात्या स्वतः आले. गेटवर नाव न लिहिता 'कोयतेवाला' एवढंच लिहिलं होतं. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. चिडलेले नव्हते, नवल करत होते. म्हणाले, "साहेब, पाठीला पाणी कोण पाजतं?"

लोहारकामात 'पाणी पाजणं' म्हणजे आम्ही ज्याला क्वेंचिंग म्हणतो ते. तात्या कोयता लाल करून फक्त धारेचा बोटभर भाग पाण्यात धरतात. पाठ बाहेरच, अजून गरम. मग बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धारेवरची खपली घासतात आणि वाट बघतात. पाठीची ऊब हळूहळू धारेकडे उतरते, चकचकीत झालेल्या पट्टीवर आधी गव्हाळ रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि निळा दिसायला लागला की सगळा कोयता पाण्यात. हे हार्डनिंग (कठीण करणं) आणि टेम्परिंग (मग थोडं तापवून ठिसूळपणा कमी करणं) दोन्ही एकाच तापीत. पाठ मुद्दाम मऊ ठेवलेली असते, कारण दणका तिने सोसायचा असतो. मी त्या मुद्दाम मऊ ठेवलेल्या जागेवर हिरा टेकवला होता आणि त्याला कमी आकडा म्हणून नापास केलं होतं.

आकडे खरे होते, मोजमापात काडीची चूक नव्हती. पण शेठनी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा होता. दुरुस्तीचं पत्र देऊन मोकळं व्हायचं: 'आकडे पाठीचे आहेत, धारेबद्दल मत नाही.' प्रामाणिक, पण शेठना त्याचा उपयोग शून्य. ते पुन्हा व्हिडिओकडेच गेले असते.

दुसरा, एकेक कोयता आडवा कापून धारेची सूक्ष्म कठीणता मोजायची. याने धारेवर काय आहे ते कळतं. पण धारेवर काय असायला हवं, ते नाही.

तिसरा पर्याय आमच्या एका तरुण सहकाऱ्याने काढला. इंग्लंडात शेफिल्डला कॅट्रा नावाची संस्था आहे, तिच्या यंत्रावर सुरीची धार किती टिकते ते मोजतात. आयएसओ ८४४२ च्या पाचव्या भागात ती पद्धत आहे. पाच टक्के सिलिका असलेल्या कागदाच्या गठ्ठ्यावर पातं मागेपुढे चालवायचं आणि दर खेपेला किती कागद कापला गेला ते मोजायचं. चाचणी म्हणून उत्तम. पण ती स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी आहे. फडात कोयता कागद कापत नाही. बुडख्यात साखर जास्त, म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा असतो, आणि जमिनीलगत माती, वाळू, काळा दगड असतो. कोयत्याची धार घासून कमी आणि आपटून जास्त जाते.

चौथा, भाच्याच्याच तीन चाचण्या घ्यायच्या, पण जरा वेगळ्या तऱ्हेने. व्हिडिओत प्रत्येक चाचणीला चांगला म्हणून केलेला कोयताच लावला होता. वाईट कोयता त्याच चाचणीत नापास होतो की नाही, हे कुणी बघितलंच नव्हतं. शाळेत सगळीच पोरं पास होत असतील तर पास झाल्याचं कौतुक कशाला करायचं?

मी चौथा धरला, दुसरा त्याला जोडला. भाच्याला फोन केला. तो आधी नाराज झाला, मग 'मुद्दाम बिघडवलेले कोयते' म्हटल्यावर त्याला गंमत वाटली. पोरगं मुळात जिज्ञासू.

काय केलं

सहा प्रकारचे कोयते ठरले, प्रत्येकी दोन. एक, भाच्याचा नेहमीचा. दोन, भाच्याचाच, पण टेम्परिंग मुद्दाम जास्त, ४५ एचआरसीपर्यंत उतरवलेला. तीन, भट्टी मुद्दाम १०५० अंशांपर्यंत नेऊन तासभर ठेवलेला, मग नेहमीचं तेल आणि नेहमीचं टेम्परिंग. ईएन ४५ ला साधारण ८५० पुरतात. त्यापुढे इतका वेळ ठेवलं की पोलादाचा दाणा फुगतो, आणि दाणा फुगला की पोलाद ठिसूळ होतं. चार, भाच्याचा, तेलात न बुडवता हवेत गार केलेला. पाच, तात्यांचा नेहमीचा. सहा, तात्यांचा, पाणी न पाजलेला. (हा करताना तात्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते लिहून सांगता येणार नाही. त्यांनी तो कोयता दुसऱ्या दिवशी परत मागितला, मोडून टाकायला.)

तिसऱ्यावरची जळकी साल ग्राइंडरने काढली. पोलाद जास्त तापलं की वरच्या थरातला कार्बन जळतो आणि ती साल मऊ पडते. तिच्यावर कानस चावली म्हणून आतलंही मऊ समजायचं, ही फसगत ठरलेली. मग सगळ्यांच्या मुठीखाली शेपटीवर पंचने खुणा केल्या आणि वरून कापड गुंडाळलं. हातोडा मारणाऱ्याला कुठला कोणाचा ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ते व्हायला नको होतं, त्यावर पुढे लिहिलंय.

आधी खिळा. पहिल्या फेरीत सगळ्यांना एकाच जाड कोनाची धार लावली, कुऱ्हाडीला असते तशी. एक, दोन, तीन आणि पाच, चौघांनीही खिळा तोडला आणि धारेला काही झालं नाही. चार आणि सहाच्या धारेत मात्र घळी पडल्या. दुसऱ्या फेरीत तेच कोयते घासून धार पातळ केली, भाजीच्या सुरीसारखी. आता एक आणि तीन दोघांचेही टवके उडाले, दोन आणि पाचची धार मुडपली. म्हणजे तोच कोयता, तीच हीट ट्रीटमेंट, सकाळी पास आणि दुपारी नापास. निकाल फिरवला तो ग्राइंडरने. खिळा साध्या मऊ लोखंडाचा. पाणी पाजलेलं कुठलंही पोलाद त्याच्याहून कितीतरी कठीण असतंच. त्याला तोडून पातं 'अगदीच कच्चं नाही' एवढंच कळतं. भट्टीत पार बिघडवलेला तीन नंबर आणि उत्तम एक नंबर यांतला फरक खिळ्याला दोन्ही फेऱ्यांत कळला नाही.

कानशीचंही तेच. एक आणि तीनवरून ती सारखीच घसरली. दोनला चावली, पाचच्या धारेला जोर लावल्यावर चावली, चार आणि सहाला लोण्यासारखी. कानस कठीण आणि मऊ वेगळं करते. चांगलं कठीण आणि वाईट कठीण ती वेगळं करत नाही.

मग शिकंजा. इथे हसायची वेळ आली. सगळ्यात झकास वाकले ते चार आणि सहा, म्हणजे ज्यांना पाणीच दिलेलं नव्हतं ते. काटकोनात गेले आणि तसेच राहिले. दोन नंबरही वाकला. पाच वाकला, धारेला एक भेग गेली, पण पाठीने धरून ठेवलं. तीन जरासा वाकला न वाकला तोच काडकन गेला. आणि एक, भाच्याचा अभिमानाचा नेहमीचा कोयता, निम्म्या वाटेवर मोडला.

शेडमध्ये शांतता. भाचाच बोलला, "पण व्हिडिओत तर वाकला होता."

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. "त्योच कोयता व्हता?"

नव्हता. प्रत्येक चाचणीला त्याने नवा कोयता घेतला होता, आणि वाकवायचा होता त्याचं टेम्परिंग 'थोडं वाढवलं' होतं. फसवायचा हेतू मला अजिबात दिसला नाही. त्याने अमेरिकेतल्या एका लोहार-संघटनेच्या परीक्षेचे व्हिडिओ बघितले होते. ती संघटना १९७६ पासूनची. तिच्या परीक्षेत उमेदवाराला आपल्या सुरीने लटकता एक इंची दोर एका फटक्यात तोडावा लागतो, मग लाकडाच्या जाड फळ्या छाटाव्या लागतात, त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवावे लागतात, आणि सगळ्यात शेवटी तीच सुरी शिकंज्यात काटकोनात वाकवावी लागते. त्या परीक्षेचा सगळा जीव 'तीच' या शब्दात आहे. कठीणपणा आणि चिवटपणा एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. दोन्ही एकाच पात्यात बसवता येतात का, हे तिथे बघतात. तीन वेगळे कोयते घेतले की तिन्ही चाचण्या उरतात, परीक्षा उरत नाही. शिवाय ती परीक्षा कारागिराची आहे. उमेदवार सुरी त्या परीक्षेसाठीच घडवतो. विकायला ठेवलेल्या दोनशेंतल्या एकशे सत्तेचाळिसाव्या कोयत्याबद्दल ती काही सांगत नाही.

जाता जाता आणखी एक. भाचा गिऱ्हाइकांना कोयता हाताने लववून दाखवायचा, सोडला की टणकन सरळ. पोलाद किती ताठ लागतं हे हीट ट्रीटमेंटने जवळजवळ बदलत नाही. ते जाडीवर जातं, आणि जाडीच्या घनाने. तीनऐवजी अडीच मिलिमीटरचं पातं लववायला साधारण ५८ टक्केच जोर लागतो. पाण्याचा फरक पडतो तो कुठवर लववलं तर परत सरळ येतं, यात. आणि तिथवर हाताने कुणी लववत नाही.

मोडलेल्या तोंडात काय दिसलं

या सगळ्यात मला सर्वात जास्त शिकवलं ते मोडक्या तुकड्यांनी. एक नंबरचं मोडलेलं तोंड उन्हात धरलं तर राखाडी, मऊ, मखमलीसारखं. तीन नंबरचं चमचमत होतं, एकेक कण नुसत्या डोळ्याला दिसत होता. तात्या म्हणाले, "खडीसाखर झालीया." त्यांच्या आजोबांपासून ही रीत आहे: नव्या पाट्याचा तुकडा आधी पाणी देऊन मोडायचा, दाणा बघायचा, मगच कोयते करायचे. खिळ्याला, कानशीला आणि रॉकवेलला जो फरक दिसला नव्हता तो एका मोडक्या तुकड्याने फुकटात दाखवला.

मग आमच्या लॅबमध्ये एक आणि पाच आडवे कापले, बेकलाइटमध्ये बसवले, पॉलिश केले आणि धारेपासून मागे मायक्रो व्हिकर्स घेतलं, ही कठीणता मोजायची दुसरी पद्धत. त्याचा ठसा इतका बारीक असतो की धारेलगतही मोजता येतं. एक नंबर सगळीकडे ६३० च्या आसपास, म्हणजे ५७ एचआरसी. तात्यांचा धारेला ५४५, म्हणजे ५२, आणि पाठीकडे उतरत उतरत तिशीच्या आत. पहिल्या कागदावर मी ज्याला २८ म्हटलं होतं तो हाच.

तात्यांच्या बाजूने निकाल लावून मोकळं व्हायचा मोह झाला, कारण मनात अपराधीपणा होता. पण त्यांचाच आणखी एक कोयता कापला तर धारेला ४३०, म्हणजे ४४ एचआरसीच्याही खाली. भंगारातला पाटा, कुठल्या ट्रकचा, कुठल्या पोलादाचा, कुणाला माहीत? एकाला पाणी छान लागलं, दुसऱ्याला नाही. मी तात्यांना आकडा सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ढगाळ दिवशीचा असल." भट्टीचा रंग उजेडावर वेगळा दिसतो, म्हणून जुने लोहार पाणी संध्याकाळी पाजतात. घाईच्या दिवसांत ते पाळलं जात नाही.

भाच्याचे सगळे सारखे, पण फडाला हवे तसे नाहीत. तात्यांचे फडाला हवे तसे, पण सगळे सारखे नाहीत.

फडात

दिवाळीनंतर एका ओळखीच्या मुकादमाच्या टोळीत कोयते द्यायचं ठरलं. इथे दोन गोष्टींवर थांबलो.

तीन नंबर माणसाच्या हातात द्यायचा नाही, हे पहिलं. ठिसूळ पात्याचा तुकडा उडून डोळ्यात गेला तर कुठल्या अहवालात लिहिणार? त्याला शेडमध्येच एका आडव्या दांड्याला बांधून जाळीमागून काळ्या दगडावर पाडला. पहिल्याच दणक्याला अंगठ्याएवढा तुकडा निघाला.

दुसरं पैशाचं. टोळीला टनावर मजुरी. खराब कोयता दिला तर त्यांची रोजी बुडणार. शेठनी त्या दिवसांची तूट भरून द्यायचं कबूल केलं आणि ज्याचा-त्याचा जुना कोयता सोबत राहील असं ठरलं.

एक, दोन, पाच, आणि भाच्याने नवा केलेला सात (टेम्परिंग ४०० अंशांना, ५१ एचआरसी) असे चार कोयते चार जोडप्यांनी चार दिवस आळीपाळीने वापरले. कोणाचा हात कसा, कुठली सरी दगडाची, यावर धार ठरते, म्हणून रोज अदलाबदल. विचारलं दोनच गोष्टी: दिवसात कानस किती वेळा काढली, आणि उद्या यातला कुठला नेशील.

एक नंबरला पहिल्या दिवशी कानस लागलीच नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्याकडच्या सरीत दगड लागला, टवका गेला, आणि मग कानस लावायला गेले तर ती घसरायला लागली. तीच घसरणारी कानस, व्हिडिओत जिचं कौतुक होतं. फडात ग्राइंडर नसतो. कमरेला कानस असते, आणि मोळ्या बांधता बांधता दोन हात मारून धार परजायची असते. एक बाई म्हणाल्या, "धार लई चांगलीय, पण एकदा गेली की मंग आपल्या हातात ऱ्हात न्हाई." आमच्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याच यंत्रावर हे वाक्य निघालं नसतं. तिसऱ्या दिवशी एक नंबर कुणी उचललाच नाही.

दोन नंबरला दिवसातून चार-पाचदा कानस लागायची. मला वाटलं होतं, याला शिव्या बसतील. चौघांपैकी दोघांची काही तक्रार नव्हती. पाच आणि सात यांत फरक सांगा म्हटल्यावर मत फुटलं. चार दिवस आणि एकेक कोयता, एवढ्यावर त्यांत डावंउजवं ठरवणं बरोबर झालं नसतं, आणि मी तसं लिहिलंही नाही.

निर्णय आणि पुढचं

नव्या अहवालात मी एक रेखाचित्र काढलं, कुठे हिरा टेकवला त्या जागी फुली. भाच्याला सांगितलं: टेम्परिंग ४०० वर ने आणि दर भट्टीला पट्टीचा एक तुकडा सोबत टाकून मोडून बघ. तात्यांना सांगितलं: भंगार घ्या, पण एका कमानीचे पाटे एकत्र ठेवा आणि प्रत्येक कमानीचा एक कोयता बळी द्या. भाच्याने लगेच ऐकलं. तात्या म्हणाले, बघू.

शेठना हवा होता 'लॅब टेस्टेड'चा स्टिकर. तो मी दिला नाही. बारा कोयते तपासून दोनशेंवर शिक्का कसा मारणार? त्यांनी ऑर्डर निम्मी-निम्मी वाटली. पण पहिल्या कागदापासून या निर्णयापर्यंत महिना-दीड महिना गेला होता, आणि हंगामाच्या तोंडचा महिना म्हणजे लोहाराचं निम्मं वर्ष. त्या वर्षी तात्यांच्या जवळपास शंभर कोयत्यांचा धंदा गेला. तो माझ्या एका ओळीमुळे गेला, जी मी लिहिली नव्हती.

आज करायचं तर

फडापासून सुरुवात करीन. मी शेवटी गेलो तिथे आधी गेलो असतो तर 'कानस घसरते' हा गुण नसून अडचण आहे हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, आणि निम्म्या चाचण्या घ्यायची गरजच पडली नसती.

खुणा माझ्यापासूनही लपवीन. फडात उत्तरं टिपून घेताना तात्यांच्या कोयत्याबद्दल मी दोनदा जास्त वेळ विचारलं, हे वहीत माझ्याच अक्षरात दिसतं.

धारेचा कोन आणि धारेमागे एक मिलिमीटरवरची जाडी व्हर्निअरने मोजल्याशिवाय एकही फटका मारू देणार नाही. पहिल्या फेरीआधी मी नुसतं 'जाड धार लावा' म्हटलं होतं, आणि पोराने डोळ्यांनी लावली. खिळ्याच्या निकालाचा आकार कळायला तेवढं पुरलं, आकडे काढायला पुरलं नाही.

आणि कोयते जास्त घेईन. प्रत्येक प्रकारचा एकच फडात गेला. तात्यांचा ५२ वाला न जाता ४४ वाला गेला असता तर हे सगळं मी वेगळंच लिहिलं असतं.

पुढच्या दसऱ्याला शेठच्या दुकानात गेलो. भाच्याच्या कोयत्यांच्या ढिगावर छापील पाटी: 'लॅब रिपोर्टनुसार ५७ एचआरसी'. आकडा माझ्या पहिल्या कागदावरून उचललेला, खालचे कोयते ५१ चे. शेठना म्हटलं तर म्हणाले, "५१ म्हटलं की गिऱ्हाइकाला कमी वाटतं हो." तेवढ्यात एक मुकादम आला. पाटीकडे त्याने बघितलंही नाही. ढिगातला एक कोयता उचलला, खिशातून कानशीचा तुकडा काढून धारेवर एकदा ओढला, कान देऊन ऐकलं, करकरली म्हटल्यावर बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला.